कोकणात पावसाळ्याच्या जळणासाठी शेड बांधतोय. चार माणसांची चूल आणि न्हाणीचं पाणी, जागा 10 बाय 6 फूट. चारी बाजूंनी पत्रा मारून बंद करू का? साधारण खर्च किती?

नका करू बंद. चार माणसांची चूल, न्हाणीचं पाणी आणि 10 बाय 6 ची जागा असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे जागा भरपूर आहे. दिवसाला 7 किलो धरा. जून ते सप्टेंबर मिळून साडेआठशे किलो होतात. दीड फुटी ढलप्यांची (फोडलेल्या लाकडांची) 10 फूट लांब आणि 5 फूट उंच अशी एक रांग साधारण तेवढीच भरते. अशा दोन रांगा बसतील. एक यंदाची, एक पुढची.

आता बंद करण्याचा मुद्दा. गवंडी सांगतो, घरातले सांगतात, शेजारी तर ताडपत्रीने पार पायापर्यंत गुंडाळून दोरीने आवळूनच दाखवतो. आमच्या वाडीत दर मे महिन्यात हाच वाद होतो आणि दर श्रावणात त्याचा निकाल लागतो, तरी पुढच्या वर्षी पुन्हा ताडपत्री. साधं गणित आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या 40-45 टक्के पाणी असतं. चुलीत नीट पेटायला ते 20 च्या आत हवं. म्हणजे 100 किलो लाकडातून पंचवीस-तीस लिटर पाणी हवेत गेलं पाहिजे. ते जाणार कुठून? गुंडाळलेल्या ताडपत्रीखाली दुपारी वाफ धरते, रात्री तीच आतून थेंब होऊन वरच्या थरावर टपकते. चार आठवड्यांत सालीवर पांढरी बुरशी दिसते, आंब्याचं लाकूड असेल तर ते लवकर कुजायला लागतं. पत्र्याची बंद खोलीही तीच ताडपत्री, फक्त महाग. लाकडाला पाऊस लागू नये आणि वारा लागावा, एवढंच शेडचं काम.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. म्हणून छपराची उतरती बाजू तिकडे ठेवा. पुढे 8 फूट, मागे साडेसहा फूट; 6 फुटांत दीड फूट उतार पुरतो. मागे पत्रा 3 फूट बाहेर काढा, पुढे दीड फूट, दोन्ही अंगांना 3-3 फूट. मागच्या बाजूला माणगा बांबूच्या काठ्यांचा कूड (आडोशाची भिंत) घाला, काठ्यांमध्ये बोटभर फट, खाली आणि वर सहा-सहा इंच मोकळं. बाकी तिन्ही बाजू उघड्या. 1 मीटर रुंदी झाकणारे 11 फुटी पत्रे 5 लागतील. लांबीत जोड नको, जोड आला की गळती आली. स्क्रू पन्हाळीच्या उंच भागावर मारा, खोलगट भागात मारलात तर पाणी त्याच भोकातून आत येतं. रबराचा वायसर आवळून चेपू नका, चेपलेला पुढच्या उन्हाळ्यात तडकतो.

उघड्या शेडचा खरा धोका वारा आत शिरून छप्पर वर उचलण्याचा. जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय. 6 खांब, 2 इंची लोखंडी पाइप, प्रत्येकी 2 फूट खोल काँक्रीटमध्ये, आणि काँक्रीट जमिनीच्या वर 6 इंच आणा म्हणजे पाइप बुडाशी गंजणार नाही. कडेच्या रिपांवर प्रत्येक पन्हाळीला स्क्रू, मधल्यांवर एक सोडून एक. लाकडी खांब मातीत गाडू नका, वाळवीला आमंत्रण कशाला?

जमिनीवर एकही ढलपी टेकू देऊ नका. चिऱ्यांचे ठोकळे ठेवून त्यावर आडवे पाइप किंवा बांबू टाका, खाली फूटभर पोकळी राहू द्या. त्या पोकळीतून वारा फिरतो, चिऱ्यावर चढणारी वाळवीची मातीची नळी दिसते, खराट्याने पाडता येते. शिवाय खाली वेटोळं घातलेलं फुरसं बॅटरी मारली की दिसतं. कूड आणि मागची रांग यांत 6 इंच, दोन रांगांत 9 इंच सोडा. ढलप्यांची कापलेली तोंडं कुडाकडे आणि अंगणाकडे करा, पाणी तिथूनच सगळ्यात जास्त निघतं. रांगेच्या दोन टोकांना आडव्या-उभ्या थरांची चौकडी रचा, नाहीतर रांग एका बाजूला ओघळते.

पण शेड कितीही चांगली असली तरी मे अखेरीस आणलेलं ओलं लाकूड ती सुकवणार नाही. पावसात हवाच इतकी दमट असते की खडखडीत वाळलेलं लाकूडही पुन्हा 18-20 टक्क्यांवर जाऊन बसतं. तोड डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हाच फोडून घ्यायचं. गोल ओंडका सालीसकट ठेवला तर सालीखाली किडा लागतो, त्यात काजू आणि आंबा आधी. (ऐन, किंजळ, आंबा स्वतःच्या बांधावरचा असला तरी तोडायला परवानगी लागते.) सुकलं का ते बघायला दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणक आवाज आला तर झालं, बद्द आवाज आला तर अजून ऊन द्या.

ताडपत्रीवर एवढं तोंडसुख घेतलंय खरं, पण एका ठिकाणी ती लागते. परतीचा पाऊस संध्याकाळी डोंगराकडून, म्हणजे उघड्या पूर्व अंगाने येतो. त्यासाठी पुढच्या वळचणीला गुंडाळून बांधून ठेवा. गडगडलं की सोडायची, सकाळी वर.

खर्चाचं म्हणाल तर 5 पत्रे, 6 खांब, 3 वासे, 16 फुटी 4 रिपा आणि दीडेकशे स्क्रू एवढी यादी घेऊन तालुक्याच्या दोन दुकानांत भाव काढा. चिरे घराच्या मागे पडलेले असतीलच.