समूहाच्या अनुभवावरचा नृत्यप्रयोग पुण्यात उभा करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ जणांचा गट, त्यातल्या चौघांनाच नृत्याचं शिक्षण, विषय 'गर्दीत असणं', लांबी ४० मिनिटं, संहिता नाही, प्रयोग सप्टेंबरच्या आसपास. जागा कोणती घ्यावी, तालीम कशी बांधावी आणि गर्दीचा आभास कसा आणावा?

आभास आणायच्या मागे लागू नका. नऊ माणसं रेटल्याचा, गुदमरल्याचा अभिनय करू लागली की प्रेक्षकाला नऊ अभिनय दिसतात आणि गट दिसायचा राहून जातो. माणसांना एकमेकांशी बांधणारा एखादा खरा नियम लागतो. तो पाळताना त्यांची खरोखर ओढाताण झाली, तर तीच प्रेक्षकापर्यंत पोचते. रोममधल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांचाच अंदाज घेत उडतो. अख्खा थवा त्याच्या डोक्यात नसतो. तुमच्या नऊ जणांनाही 'आपण गर्दी आहोत' हे डोक्यात ठेवायची गरज नाही, दोन माणसं धरून ठेवली की पुरे.

त्यासाठी पहिल्या आठवड्यात हा सराव घ्या. प्रत्येकाने मनातल्या मनात दोन जण निवडायचे, कोणाला सांगायचं नाही, आणि चालत राहून त्या दोघांपासून सारखंच अंतर राखायचं. तिघांचा समद्विभुज त्रिकोण व्हायला हवा, एवढाच नियम. एक जण हलला की त्याला धरणारे हलतात, त्यांना धरणारे हलतात, आणि कोणीही न ठरवता सगळा गट वाहू लागतो. थोड्या वेळाने तो आपोआप शांत होतो. मग एकाला फक्त दोन पावलं सरकायला सांगा आणि काय होतं ते बाहेरून बघा. यात बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. लोक पळायला लागतात (पहिले चार दिवस फक्त चालण्याची परवानगी द्या), निवडलेल्या माणसाकडे मान वळवून टक लावतात (डोळ्यांच्या कडेने बघायला शिकवा), आणि मजा आली की हसून नियम सोडतात. बारा-पंधरा मिनिटं न बोलता हा सराव टिकला, की प्रयोगाचा पहिला भाग जवळजवळ हातात आला समजा.

आपल्याकडे समूहाचे असे नियम भरपूर आहेत, ते वापरा. पालखी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, तेव्हा सगळे टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते, मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. समूहातला विरोध किती नेमका ऐकू येतो, यासाठी याहून चांगला आराखडा मिळणार नाही. पण घ्यायचा तो नियम. धोतर, टाळ आणि पावली रंगमंचावर आणलीत तर प्रेक्षक वारी ओळखण्यात गुंततील आणि तुमचा विषय बाजूला पडेल. ढोल-ताशा पथकाचंही तसंच. ताशा बदलला की ढोल बदलतात, हा इशाऱ्याचा प्रवास तेवढा उचला.

प्रत्येक भागाचा आराखडा कागदावर चार ओळींत मावला पाहिजे: नियम काय, सुरू कशाने होतं, संपतं कशाने, आणि फसलं तर बाहेर कसं पडायचं. शेवटच्या दोन ओळी बहुतेक गट लिहीतच नाहीत. मग आपसूक रचल्या जाणाऱ्या भागाची लांबी एका दिवशी चार मिनिटं भरते आणि दुसऱ्या दिवशी अकरा. ४० मिनिटांचे सहा भाग करा, उदाहरणार्थ ५, ८, ४, ९, ६ आणि ८ मिनिटांचे, आणि किमान तीन भागांचा शेवट ध्वनीच्या इशाऱ्यावर बांधून टाका. इशारा वाजला की जिथे असाल तिथून पुढचा भाग सुरू.

आता गर्दीबद्दल. तिचा दाब तुम्हाला आकड्यांत रचता येतो. ६ बाय ६ मीटरच्या चौकोनात नऊ जण म्हणजे माणशी ४ चौरस मीटर, अगदी ऐसपैस. चौकोन ३ बाय ३ केला की माणशी एक चौरस मीटर: इथे लोक एकमेकांना चुकवू लागतात, खांदे तिरके होतात. २ बाय २ मध्ये स्पर्श अटळ होतो. दीड बाय दीडमध्ये दर चौरस मीटरला चार माणसं येतात आणि चालणं संपतं, नुसतं डोलणं उरतं. १.२ बाय १.२ मध्ये हाच आकडा सहाच्या वर जातो. खऱ्या गर्दीत या घनतेला माणसांवर स्वतःचा ताबा राहत नाही, धक्का लाटेसारखा पसरतो. त्याच्या खाली जाऊ नका आणि तिथे ४० ते ६० सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. हात कोपरात वाकवून छातीपुढे ठेवायचे म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि बुटक्या माणसांना कडेला घ्यायचं. कोणाचाही एक हात डोक्यावर गेला की बाहेरच्यांनी आधी एक पाऊल मागे घ्यायचं. सुटका बाहेरून आत जाते, कारण आतल्याला मागे सरायला जागाच नसते. हा इशारा प्रत्येक तालमीत एकदा मुद्दाम वापरून बघा.

चौकोन आखायला पूर्ण रेघा नकोत. चार कोपऱ्यांना रेडियमच्या टेपचे दोन-दोन इंचांचे तुकडे पुरतात, बाकी काम प्रकाश करेल.

शिकलेले आणि न शिकलेले यांतला फरक झाकायला जाऊ नका, पण तो चुकीच्या जागी दिसू देऊ नका. कथक-भरतनाट्यम शिकलेल्यांचा कणा ताठ आणि चेहरा सतत समोर राहतो. समकालीन नृत्य शिकलेले पायाची बोटं ताणतात. न शिकलेले जमिनीकडे बघतात आणि पडताना गुडघा किंवा तळहात टेकवतात. यातली शेवटची सवय तातडीने मोडायला हवी. पडणं उकिडव्यापासून शिकवा: नडगीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, मग पाठीचा कडेचा भाग, या क्रमाने वजन जमिनीला द्यायचं. दोन आठवडे उकिडव्यावरूनच, मग अर्धवट वाकून, मग उभ्याने. पँटच्या आत गुडघ्याचे पॅड असू देत. वजन घेण्याची सुरुवात पाठीला पाठ लावून करा. उचलण्याच्या हालचाली शिकलेल्या चौघांनीच कराव्यात, आणि तालमीत दोघं जण आधाराला उभे हवेतच. सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम असेल तर उचलण्याआधी वर बघा, पंखा कुठे आहे. अंगठ्या, घड्याळं, कडी काढायची, नखं कापायची. कोणाला कुठे स्पर्श चालणार नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर स्वच्छ बोलून घ्या. 'थांब' म्हटलं की सगळे थांबणार, कारण न विचारता.

तालमीला दहा आठवडे, आठवड्यात चार दिवस, रोज अडीच तास धरा. त्यातला अर्धा तास अंग मोकळं करण्यातच जातो, तो कापू नका. पहिले चार आठवडे फक्त नियम आणि सराव, पुढचे तीन भाग जोडण्यासाठी, शेवटचे तीन सलग तालमींसाठी. पावसाळ्यात पुण्यात संध्याकाळी ढोल पथकांचे सराव चालतात. नदीकाठच्या भागात जागा घेतलीत तर श्वासावर आणि शांततेवर बांधलेलं काहीच करता येणार नाही. सकाळी ७ ते ९.३० ही वेळ त्यातल्या त्यात बरी. प्रयोगाची तारीख अनंत चतुर्दशीनंतरचीच धरा. गणपतीत पेठांमधले रस्ते बंद असतात, प्रेक्षक पोचत नाही आणि सामानाचा टेम्पोही पोचत नाही.

जागेबद्दल माझं मत पक्कं आहे. बालगंधर्व रंगमंदिर किंवा कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह या प्रयोगासाठी घेऊ नका. एवढ्या रुंद रंगमंचावर नऊ माणसं गर्दी वाटूच शकत नाहीत, आणि विसाव्या रांगेतून श्वास दिसत नाही. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, एरंडवण्यातलं द बॉक्स, हिराबागेतलं श्रीराम लागू रंग-अवकाश अशा जवळून बघायच्या जागा या विषयाला साजेशा आहेत. जिथे खुर्च्या हलवता येतात तिथे प्रेक्षक समोरासमोर दोन बाजूंना बसवा. मग प्रत्येकाला नाचणाऱ्यांच्या पलीकडे बघणारी माणसंही दिसतात, आणि तोही एक समूहच आहे. पहिली रांग आणि नाचायची कड यांत किमान एक मीटर सोडा. बाहेर जायच्या दाराची पाटी काळ्या कापडाने झाकू नका.

जागा बघायला जाताना मोजपट्टी न्या आणि जमीन हाताने ठोकून बघा. फरशीखाली काँक्रीट असेल तर त्यावर नुसतं व्हिनाइल (नाचासाठी अंथरायचं प्लास्टिकचं आवरण) अंथरून उड्या मारायच्या नाहीत, पंधरा दिवसांत नडग्या धरतात. २० बाय २० फुटांसाठी ८ बाय ४ फुटांच्या १२ मिलिमीटर प्लायच्या १३ शीट एका थराला लागतात. दोन थर घ्या, वरच्याचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, आणि खाली दाट फोमच्या पट्ट्या टाका. त्यावर २ मीटर रुंदीच्या व्हिनाइलच्या तीन पट्ट्या. त्या आदल्या रात्रीच उलगडून ठेवाव्यात, नाहीतर दिव्यांच्या उष्णतेने पसरून फुगे येतात. पट्ट्यांमध्ये दोन मिलिमीटर फट ठेवा, टेप न ताणता चिकटवा. प्लायच्या कडेला पांढरी टेप लावा, अंधारात ठेच तिथेच लागते. पुसायला साधं पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं. फिनाईलने पाय घसरतात, पावडरने त्याहून जास्त. दमट हवेत घामाचे थेंब पडतात तिथे अनवाणी पाय सटकतो, म्हणून तिसऱ्या भागानंतर कोणीतरी प्रकाशातच येऊन जमीन पुसावी. ते प्रयोगात बसवून टाका.

प्रकाश वरून दिलात तर नऊ डोकी आणि एक काळा गठ्ठा दिसेल. समोरून दिलात तर सगळे भिंतीला चिकटल्यासारखे सपाट. बाजूने द्या. प्रेक्षक ज्या दोन बाजूंना नाहीत तिथे दोन-दोन स्टँड, प्रत्येकावर तीन दिवे: नडगीच्या उंचीला सुमारे ३० सेंटिमीटरवर, कमरेला सव्वा मीटरवर आणि डोक्याच्या वर सव्वादोन मीटरवर. नडगीचा दिवा जमीन अंधारात ठेवून शरीरं उचलून धरतो, आणि माणसं एकमेकांच्या सावलीत जाऊ लागली की गर्दी दुप्पट वाटते. शेवटचा आक्रसणारा चौकोन तेवढा वरून टाका. हे बारा दिवे जुने हजार वॉटचे 'पार' (रंगमंचावरचे डब्यासारखे झोतदिवे) असतील तर एकेकाला साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात, म्हणजे एकूण ५० च्या पुढे. एका १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच लावा. एलईडी पार घेतलेत तर लोडचा प्रश्न मिटतो, पण अगदी मंद करताना काही स्वस्त दिवे टप्प्याटप्प्याने उतरतात. भाड्याने आणण्यापूर्वी दुकानातच शून्यापर्यंत उतरवून बघा.

ध्वनीसाठी चित्रपटगीतं किंवा कोणाचं रेकॉर्ड केलेलं संगीत टाळा, परवान्याचा खर्च आणि धावपळ दोन्ही वाचेल. स्वारगेटचा डेपो, लक्ष्मी रोड, मंडई, हे स्वतः रेकॉर्ड करा, पण प्रयोगात ओळखू येणार नाही इतकं कापा. ओळख पटली की प्रेक्षक त्या रस्त्यावर जाऊन उभा राहतो. प्लायच्या खालच्या बाजूला एक-दोन काँटॅक्ट मायक्रोफोन (हवेतला आवाज न घेता वस्तूचं कंपन टिपणारे) चिकटवलेत तर पावलांचा आवाज खोलीभर येतो. स्पीकर त्या प्लायवर ठेवू नका, लगेच शिट्टी मारायला लागतं.

बोललेला मजकूर, घोषणा, कविता असं काही असेल तर तेवढ्या मजकुराची संहिता करून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यायला वेळेत पाठवा. शब्द नसले तरी कोणते कागद लागतील ते जागेच्या व्यवस्थापकांना तारीख घेतानाच विचारा. बुकिंग करताना लागून दोन सत्रं घ्या. जमीन अंथरायला दोन तास, दिवे लावून त्यांचा रोख ठरवायला तीन, इशारे ओळीने तपासायला दीड, आणि मग पूर्ण सलग तालीम. एकाच सत्रात हे बसवायला गेलात तर सलग तालीम सुटते, आणि नवीन जमिनीवर पहिल्यांदा पडायची वेळ प्रेक्षकांसमोर येते.

प्रेक्षकांना ओढून आत घेऊ नका. घ्यायचंच असेल तर दारात एक चिठ्ठी द्या, त्यात एकच सोपं काम: अमुक इशारा झाला की उभे राहा किंवा बसून राहा. दोन्ही चालेल असं लिहा. ज्यांना नको असेल ते सुखाने बसतील, आणि उभे राहणारे व न राहणारे यांच्यात जो ताण दिसतो तो तुमच्या विषयाला धरूनच आहे.

दोन प्रयोग लागोपाठ असतील तर पहिल्यानंतर नवीन काही बसवू नका. फक्त दोनच नोंदी वाचा: कोणाला कुठे लागलं, आणि कोणत्या भागात नियम सुटला. तेवढे दोन तुकडे दुसऱ्या दिवशी जमिनीवर अर्ध्या वेगाने करून घ्या.