व्हॅनमधला कुकर

"मॅडम, इथे येऊन सहा आठवडे झाले. क्लिनिकमध्ये कामापुरतं सोडलं तर माझ्याशी कुणी बोलत नाही. ड्रायव्हर तर मी जवळ गेले की तोंडच फिरवतो. काँट्रॅक्ट सहा महिन्यांचं आहे. व्हॅन दारात उभी आहे. परत फिरू का?"

मेसेज आला तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले होते, तिच्याकडे रात्रीचे साडेअकरा. मध्य ऑस्ट्रेलियाचं घड्याळ आपल्यापुढे चार तास. इतक्या रात्री मेसेज टाकणारा माणूस सल्ला मागत नसतो, होकार मागत असतो, हे आता अनुभवाने कळायला लागलंय. म्हणून लगेच काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.

मी समुपदेशक. नोकरीसाठी लांब गेलेल्यांचा हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी दम्मामहून, कधी गडचिरोलीहून, कधी कॅनडातल्या एखाद्या बर्फाळ गावातून. वाक्य थोड्याफार फरकाने तेच: इथली माणसं मला आपलं म्हणत नाहीत. त्यातली हीच गोष्ट लिहायला घेतली, कारण हिच्या बाबतीत पहिला सल्ला मीच चुकीचा दिला होता.

तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, वस्तीचं नाव देत नाही. सांगलीकडची आहे, नर्स आहे, म्हणून तिला आपण 'सिस्टर' म्हणू. नवरा कॉम्प्युटरवाला, काम घरून चालणारं. तो बोलण्यात 'हे' म्हणूनच यायचा.

दोघं काही वर्षं अ‍ॅडलेडला होती. शहराला कंटाळून तिने दुर्गम भागातल्या क्लिनिकची नोकरी घेतली. एक जुनी हायएस व्हॅन विकत घेतली, मागे फळ्या ठोकून पलंग केला, पलंगाखाली पाण्याचे कॅन, एक शेगडी आणि तीन लिटरचा कुकर. अ‍ॅडलेडहून स्टुअर्ट हायवेने अ‍ॅलिस स्प्रिंग्ज दीड हजार किलोमीटर. तिथून पुढे वाळवंटात आणखी काही तास, वार्लपिरी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या काही शे उंबऱ्यांच्याही नसलेल्या वस्तीपर्यंत. जमीन त्यांच्या मालकीची, १९७६च्या कायद्याने मिळालेली, त्यामुळे जाण्याआधी परमिट काढावं लागतं. वस्तीत दारूला बंदी.

प्रवासाबद्दल बोलायला लागली की सिस्टरचा आवाजच बदलायचा. पन्नास-पन्नास मीटर लांबीचे ट्रक शेजारून गेले की व्हॅन कशी हलायची. सूर्य मावळला की गाडी बाजूला, कारण कांगारू आडवे येतात. कूबर पेडीला ओपलच्या खाणी आणि जमिनीखालची घरं पाहिली. वाटेत उंट दिसले तेव्हा ह्यांनी सांगितलं की यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात आपल्या बाजूनेच आणलेले, बलुचिस्तान-सिंधकडून, आणि उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत म्हणून तिथल्या रेल्वेचं नाव 'घान' पडलं. रात्री मुक्कामाच्या जागी खिचडी लावली, तर पहिल्या शिट्टीला शेजारच्या कॅरव्हॅनमधला म्हातारा टॉर्च घेऊन बाहेर आला.

मग डांबर संपलं. "पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखा रस्ता, मॅडम. टायरमधली हवा कमी करून गेलो. सगळे नट ढिले झाले, माझ्यासकट."

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली लिहून ठेवलंय की परक्या मुलखात गेलेल्या माणसाचा आधी मधुचंद्र असतो आणि मग घसरण. यांचा मधुचंद्र रस्त्यातच उरकला होता. पोचल्या दिवसापासून घसरण सुरू.

पहिल्या बैठकीत मी काय सांगितलं असेल? एखादी पुणेकर बाई सांगेल तेच. शेजारी जा, ओळख करून घे, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तिने बेसनाचे लाडू केले आणि डबा घेऊन समोरच्या घरी गेली. घराला कुलूप. बाजूला झाडाखाली बायका जमिनीवर बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीला तिने डबा पुढे केला. म्हातारी शब्दही बोलली नाही, हाताने काहीतरी खूण केली. सिस्टरला ती 'चालती हो' अशी वाटली.

त्याच आठवड्यात क्लिनिकच्या व्हरांड्यात तिने पेशंटला नावाने हाक मारली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणी उठलं नाही.

"मी काय केलंय यांचं?" असं म्हणून ती कॅमेऱ्यासमोर रडली. मला उत्तर माहीत नव्हतं. वाळवंट म्हणून मी जैसलमेरचा टुरिस्ट तंबू एवढंच पाहिलेलं. म्हणून निदान दुसरा सल्ला तरी बरा दिला: मला विचारू नकोस, तिथल्याच कुणाला विचार. क्लिनिकमध्ये तिच्याबरोबर वस्तीतलीच एक वयस्क आरोग्यसेविका काम करायची. "तिला 'का' विचारू नकोस," म्हटलं, "'मी काय करायला हवं होतं' असं विचार." का विचारलं की समोरच्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं.

उत्तर दोन दिवसांनी आलं, औषधाच्या गोळ्या मोजता मोजता. वस्तीत एक मृत्यू झाला होता. मृत्यू झाला की घरचे ते घर सोडतात, दुसरीकडे जाऊन बसतात. तिथल्या इंग्रजीत याला 'सॉरी बिझनेस' म्हणतात. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर त्यालाही त्या नावाने हाक मारायची नाही, 'कुमन्जयी' म्हणायचं. सिस्टरने व्हरांड्यात पुकारलेलं नाव नेमकं तेच होतं. आणि ती झाडाखालची म्हातारी विधवा होती. वार्लपिरी विधवा शोकाच्या काळात बोलत नाहीत, महिनोन्महिने, कधी वर्षभरही. हातांच्या खुणांची अख्खी भाषा आहे त्यांची. म्हातारी हाकलत नव्हती. तिच्या परीने ती बोललीच होती.

हे ऐकून सिस्टर जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझी पणजी कधी गणपती म्हणायची नाही. पणजोबांचं नाव गणपत. 'ह्यांच्या नावाचा देव' म्हणायची."

इथून तिचं तिला उलगडायला लागलं. सुतक माहीत असलेल्या बाईला सॉरी बिझनेस समजावून सांगावा लागत नाही. तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं की सुतक चालू आहे.

पण ड्रायव्हरचं कोडं सुटत नव्हतं, आणि तिला सर्वांत जास्त तेच लागलं होतं. कारण तो आधी बोलायचा. पहिल्या आठवड्यात त्यानेच तिला रस्ते दाखवले, पाण्याच्या टाक्या दाखवल्या. आणि एका दिवसापासून एकदम बंद. ती गाडीत पुढे बसली की तो उतरून दुसऱ्याला चालवायला सांगायचा. काही द्यायचं तर दुसऱ्याच्या हाती.

"त्या दिवशी काय झालं होतं?" मी विचारलं.

"काहीच नाही. हां, त्या दिवशी आरोग्यसेविकेने मला त्यांच्यातलं नाव दिलं. नापालजारी. सगळे हसले, मीही हसले."

ती ते लाडाचं नाव समजली होती. मीही तेच समजले असते. पण वार्लपिरींमध्ये अशा नावांच्या आठ जोड्या आहेत, पुरुषांची नावं 'ज'ने सुरू होणारी, बायकांची 'न'ने. एकदा नाव मिळालं की वस्तीतल्या प्रत्येकाशी तुमचं नातं ठरतं: कोण बहीण, कोण आत्या, कोण मुलगा. नापालजारीचा नवरा जाकामारा, म्हणून ह्यांचंही नाव परस्पर ठरलं. "आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात, इथे माझ्यामुळे ह्यांचं बदललं," हे तिने तीनदा सांगितलं असेल.

आणि त्याच हिशेबाने ड्रायव्हर तिचा जावई लागत होता.

तिथे जावई सासूशी बोलत नाही. समोर बसत नाही, नजरेला नजर देत नाही, एका गाडीत शक्यतो नाही. तो अपमान नाही, मान आहे, आणि फार मोठा मान आहे. बाहेरून आलेल्यांच्या बाबतीत सगळेच इतकं काटेकोर पाळत नाहीत. हा पाळत होता. ज्या दिवसापासून त्याने तोंड फिरवलं त्या दिवसापासून सिस्टर त्याची सासू झाली होती, आणि ती मात्र रोज रात्री व्हॅनमध्ये जाऊन त्यावर रडत होती.

आपल्याकडचा जावई आठवा. चांदीचं ताट, धोंड्याच्या महिन्यात अनारसे, सासू पदर सावरत मागेपुढे. आम्ही दोघी स्क्रीनच्या दोन बाजूंना पोट धरून हसलो. समुपदेशनाच्या पुस्तकात हे बसत नाही, पण त्या दिवशी मी प्रश्न विचारण्यापेक्षा हसणंच जास्त उपयोगाचं ठरलं.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण नाही. गैरसमज दूर झाला म्हणून माणूस रुजतो असं नाही. तिचं निम्मं रडणं झोपेचं होतं. एका रात्रीआड ऑन कॉल, पहाटे दाराशी गाडी, सकाळी परत ड्यूटी. अशा माणसाच्या मनाचे पापुद्रे मी काढत बसत नाही, आधी झोपेचं बघते. तिला दोन गोष्टी करायला लावल्या. रात्रपाळीनंतरची रजा लेखी मागून घेणे, आणि दुर्गम भागातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी क्रॅनाप्लस संस्थेची जी चोवीस तासांची फोनलाइन आहे, तिथे फोन करणे. तिथे मानसतज्ज्ञ असतात आणि ते त्याच वाळवंटातल्या नोकऱ्या ओळखतात. पुण्यात बसून मी काही सगळं पुरवू शकत नाही. झोप आणि भूक दोन आठवडे गेलेली असेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते घरची आठवण म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टर गाठावा. सिस्टरचं तसं नव्हतं, पण मी तिला ते थेट विचारलं होतं. विचारायला लाजू नये.

मग मी विचारलं, "व्हॅन रिकामी केलीस का?"

नव्हती केली. क्वार्टरमध्ये पलंग होता, ओटा होता, तरी दोन आठवड्यांचा शिधा, अंथरूण, कुकर सगळं व्हॅनमध्येच. रोज भात लावायला ती अंगणात येऊन कुकर बाहेर काढायची आणि घासून परत आत ठेवायची. "ह्यांना वाटतं, कधीही निघता यायला हवं."

म्हणजे खरा हलायला तयार होता तो नवरा. तेव्हा पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले. बिचारा. तिला क्लिनिक होतं, शिव्या खायला का होईना माणसं होती. याच्याकडे मंद इंटरनेट आणि चार भिंती. वस्तीत व्हॅन म्हणजे फुकटची एसटी, लोक लिफ्ट मागायचे, पैसे मागायचे. तिथे याला 'हंबग' म्हणतात. जवळ आहे त्याच्याकडे मागायचं, ही तिथली रीत. हा नाही म्हणता येत नाही म्हणून आतून कडी लावून बसायचा. वार्लपिरीत 'लावा' म्हणजे नाही. हसून 'लावा' म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही, मागणारा पुढच्या दाराशी जातो. एवढा एक शब्द शिकायला त्याला दोन महिने लागले, कारण आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवयच नसते. 'बघतो' म्हणतो आपण. तिथे 'बघतो'चा अर्थ खरंच बघतो असा घेतात.

परत फिरायचं की नाही, यावर मी मत दिलं नाही. तारीख ठरवायला लावली. तीन महिने पूर्ण झाले की त्या रविवारी दोघांनी बसून ठरवायचं, त्याआधी रात्री साडेअकराला तो विषय काढायचा नाही. व्हॅन रिकामी करा असंही म्हटलं नाही. वाळवंटात पाणी आणि डिझेल भरलेली गाडी असणं हा शहाणपणा आहे. फक्त कुकर घरात आणा, म्हटलं.

आणखी एक सांगितलं: ड्यूटी संपल्यावर अर्धा तास क्लिनिकबाहेर जमिनीवर नुसतं बसायचं. लाडू नाहीत, प्रश्न नाहीत, मोबाइल नाही. वार्लपिरीत बसणं आणि राहणं याला क्रियापद एकच आहे, 'न्यिनामी'. इंग्रजीतही ती मंडळी राहण्याला 'सिट डाउन' म्हणतात. आपल्याला हे परकं वाटू नये. आपलंही बस्तान बसतंच, जम बसतो, घडी बसते. पहिले चार दिवस तिला वेड्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी एक कुत्रा येऊन टेकला. नंतर त्या कुत्र्याची मालकीण.

तीन महिन्यांच्या रविवारी त्यांनी काय ठरवलं ते मला नंतर कळलं: त्या दिवशी दुकानाचा ट्रक आला होता, फ्रीझरमधल्या कांगारूच्या शेपट्या उतरवायला हे गेले होते, आणि बसायचं राहूनच गेलं.

शेवटचा फोन लाडवांवरून झाला. घरी सासूबाईंनी अधिक महिना लागल्याचं सांगितलं होतं, आणि जावयाला वाण द्यायचं सिस्टरच्या मनात आलं. पण जो बघतही नाही त्याला देणार कसं? तिने डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवला, आरोग्यसेविकेला खुणेने सांगितलं आणि स्वतः आत निघून गेली.

"मग?"

"संध्याकाळी डबा दारात. रिकामा." आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. "धुतलेलासुद्धा नव्हता, मॅडम," ती म्हणाली, आणि मागे कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेली.