मॅडम, एचआरला कळणार नाही ना?

कंपनीच्या वेलनेस प्रोग्राममधून (म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठीच्या सोयी, काउन्सेलिंग, योगा, पावलं मोजणारं ॲप वगैरे) काउन्सेलिंगला येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

एक टीम लीड होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). व्हिडिओ कॉलवर आले ते ऑफिसच्या पार्किंगमधे गाडीत बसून, काचा वर, कॅमेरा बंद, आणि बाहेरून कोणी गेलं की बोलता बोलता एकदम गप्प. पहिली वीस मिनिटं तर माझीच उलटतपासणी चालली होती, नोट्स कुठे ठेवता, नाव कोणाला जातं, अप्रेझलला हे निघतं का.

तर प्रोग्राम नीट चालवलेला असेल तर काउन्सेलर बाहेरच्या संस्थेचा असतो आणि कंपनीला फक्त एकूण आकडे जातात, किती जणांनी सेशन घेतली, ढोबळ विषय कुठले, नावं नाहीत. अपवाद आहेत, कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश आला तर. आणि एचआरनेच तुम्हाला लेखी सांगून काउन्सेलिंगला पाठवलं असेल तर तुम्ही आलात की नाही एवढं कळवलं जाऊ शकतं, तेही संमतीच्या फॉर्ममधे लिहिलेलं असतं, तो वाचा हो, कोणी वाचतच नाही! पावलं मोजणाऱ्या ॲपचा डेटा कुठे जातो हे मात्र वेगळं विचारायचं.

तिसऱ्या सेशनला कॅमेरा सुरू झाला. दोन महिने धड झोप नव्हती, मोबाईल छातीवर ठेवून पडायचे, मेसेज वाजला की धस्स व्हायचं आणि नाही वाजला तरी वाजल्यासारखं वाटून उठून बघायचे. ऑफिसच्या योगाला का जात नाही विचारलं तर पहिल्यांदा हसले. "सकाळी सातला असतो मॅडम, मला डोळा लागतो चारला."

योगा वाईट नाही, पण नुसत्या त्याने भागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१९ मधे आला, त्यात वेलनेस प्रोग्राम असलेल्या ठिकाणी 'मी व्यायाम करतो' म्हणणारे वाढले, पण दीड वर्षात बीपी, रजा, उपचारांचा खर्च यात म्हणावा असा फरक दिसला नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या गाईडलाइन्स आहेत, त्यात कामाची पद्धत बदलणं आणि मॅनेजरचं ट्रेनिंग यावरही भर आहे.

यांच्या बाबतीतही तेच झालं. सहा सेशन फुकट होती, त्यात आम्ही झोपेवर काम केलं आणि मॅनेजरशी काय बोलायचं त्याची चक्क रिहर्सल केली. बोलले तेच, मी नाही. रात्री नऊनंतरचे कॉल पाळीपाळीने घ्यायचं ठरलं, म्हणजे आठवड्यातल्या पाच रात्री मोबाईल हॉलमधे.

शेवटच्या सेशनला म्हणाले, बायकोलाही यायचंय, चालतं का? म्हटलं चालतं, तुमच्या प्रोग्राममधे घरचेही येतात. जरा घुटमळले आणि हळूच विचारलं, "ती काय बोलली ते मला कळेल ना?"