कमरेएवढ्या पाण्यातली सावधगिरी

प्रिय पोरी,

तू सर्फिंग, म्हणजे बोर्ड नावाच्या लांब फळीवर उभं राहून लाटेबरोबर घसरत यायचं, ते शिकायला निघालीस आणि तुझ्या पत्रात तीन भीत्या आहेत: खोल पाणी, शार्क आणि डोंगराएवढ्या लाटा. गोव्यातल्या आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर पहिल्या आठवड्यात यातल्या एकीशीही तुझी गाठ पडणार नाही. सर्फिंग शिकणाऱ्याला इजा होते ती कमरेएवढ्या पाण्यात, दोन फुटांच्या लाटेत, आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच बोर्डाने. शिवाय किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारी पाण्याची ओढ असते, ती ओळखता आली नाही तर माणूस घाबरतो आणि दमतो. म्हणून भीती थोडी हलवून योग्य जागी ठेव.

आधी पोहण्याचं. तलावात न थांबता २०० मीटर पोहता येणं आणि पाय न टेकता दहा मिनिटं उभ्याने तरंगता येणं, एवढं जमल्याशिवाय बोर्ड भाड्याने घेऊ नकोस. ‘बोर्ड पायाला बांधलेला असतो, पोहायला यायची गरज नाही’ असं सांगणारे किनाऱ्यावर भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. पायाला बोर्ड बांधणारी ती लीश सात-आठ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची दोरी असते आणि कधीतरी तुटतेच. तुटली की बोर्ड लाटेबरोबर किनाऱ्याला जातो आणि तू तिथेच राहतेस. जाण्याआधीच्या महिन्यात तलावात आणखी एक सराव कर. कुणीतरी शेजारी उभं असताना पाण्यात एक-दोन कोलांट्या घे, डोळे मिटलेले ठेव, अंग सैल सोड आणि मग वर ये. लाटेखाली नेमकं हेच होतं, वर कुठे आणि खाली कुठे ते क्षणभर कळत नाही. लहान लाट दोन-चार सेकंदांत सोडून देते, धडपड केली तर तेवढ्यातच दम संपतो. मात्र भराभर खोल श्वास घेऊन मग श्वास रोखण्याचा सराव मुळीच करू नकोस. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची जाणीव उशिरा होते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते.

नोव्हेंबर निवडलास ते चांगलं केलंस. जून ते सप्टेंबर हा समुद्र शिकाऊ माणसाचा नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या पाण्यात लोटतात. पावसाळ्यात चांगले सर्फर समुद्रात दिसतील, पण तो त्यांचा वर्ग आहे. एप्रिल-मेमध्ये पुन्हा कधी गेलीस तर एक ध्यानात ठेव: आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही अचानक मोठ्या लाटा येऊ शकतात. दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा काही दिवसांचा प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा लाटांचे इशारे देते. आदल्या रात्री ते पाहायची सवय लाव.

भरती-ओहोटीचा अंदाज पंचांगावरूनही येतो. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. हा मुंबईकडचा हिशेब झाला. गोव्यात भरती त्याहून थोडी आधी लागते, आणि नक्की वेळ तक्त्यातच बघायची. तू त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जाणार, म्हणजे उधाण असेल. गोव्यात उधाणाला पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईइतकं नाही. त्या दिवसांत पहाटे ओहोटी आणि दुपारच्या आधी भरती, म्हणून सकाळी सात ते साडेनऊ हा चढत्या पाण्याचा वेळ तुला सगळ्यात सोयीचा. उतरत्या पाण्यात ओढ वाढते, पूर्ण ओहोटीला वाळूचे उंचवटे उघडे पडतात, आणि पूर्ण भरतीला लाट काही ठिकाणी थेट काठाच्या उतारावर आपटते. ही काठावर आपटणारी लाट लहान असली तरी वाईट. ती माणसाला उचलून ओल्या वाळूवर डोक्यावर टाकते. गुडघाभर पाण्यात मानेला इजा होते ती अशीच. लाट काठावरच धाडकन फुटत असेल तर त्या वेळी पाण्यात उतरूच नकोस.

वाराही सकाळचाच बरा. शाळेत शिकलेले मतलई आणि खारे वारे आठव. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा लाटांना नीट आकार देतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की समुद्र विस्कटतो आणि लाटा कुठूनही येतात. पण मतलई वारा जोराचा असेल तर तो तुला बोर्डासकट खोल समुद्राकडे ढकलत असतो. म्हणून किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण, एखादी शॅक किंवा वाकलेला माड, धरून ठेव आणि दर पाच मिनिटांनी तिच्याकडे बघ.

आता ओढ, म्हणजे सर्फर ज्याला रिप म्हणतात ती. यावर जरा सावकाश वाच. लाटा फुटून सतत पाणी काठाकडे लोटत असतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागातून एका पट्ट्याने बाहेर पडतं. तिथे खोली जास्त असल्यामुळे लाट फुटत नाही. म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत, पोहायला चांगली वाटते. ओळखायचं असं: दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, सपाट किंवा बारीक चुरगळलेल्या पाण्याचा पट्टा, त्यावरून फेस, पालापाचोळा किंवा गढूळ पाणी समुद्राकडे सरकत असतं. खडकांच्या कडेला आणि नदीच्या मुखाशी असा प्रवाह बहुधा असतोच. आश्व्याच्या दक्षिणेला मोरजीच्या टोकाशी शापोरा नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी तिथे नदी आणि समुद्र दोन्ही बाहेर ओढतात. त्या बाजूला शिकायला जाऊ नकोस.

पाण्यात शिरण्याआधी किमान पंधरा मिनिटं वाळूवर थोडं उंचावर उभं राहून बघ. लाटा घोळक्याने येतात, आधी बऱ्याच लहान आणि मग तीन-चार मोठ्या. पहिल्या पाच मिनिटांत दिसलेला समुद्र खरा समजलीस तर मोठा घोळका तुला पाण्यात असताना भेटेल. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट होते, म्हणून दोन फूट आणि चार फूट यांत मोठा फरक आहे.

ओढीत सापडलीस तर बोर्ड सोडू नकोस. तोच तुला तरंगत ठेवतो. पोटावर झोप, श्वास ताळ्यावर आण. किनाऱ्याच्या दिशेने प्रवाहाविरुद्ध हात मारू नकोस. जोराची ओढ ऑलिम्पिकच्या जलतरणपटूलाही भारी पडते. किनाऱ्याला समांतर, ज्या बाजूला पांढरा फेस दिसतो तिकडे हात मार. फेस दिसतो म्हणजे तिथे पाणी उथळ आहे आणि लाटा काठाकडे जात आहेत. त्याच तुला परत आणतील. ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे बहुधा तिचा जोर ओसरतो. दमलीस तर बोर्डावर बसून एक हात सरळ वर करून हलव. गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षक असतात, पण त्यांचं काम दिवसाउजेडी. त्यांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची असते, तिथे बोर्ड नेऊ नकोस. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, ओळखीचा शिक्षक ‘चल गं’ म्हणाला तरी.

बोर्ड फोमचा, मऊ पृष्ठभागाचा, आठ ते नऊ फूट लांबीचा घे, आणि खालचे फिनसुद्धा, म्हणजे तळाला मागे बसवलेले पंख, मऊ रबरी असू देत. चकचकीत टणक बोर्ड मागू नकोस, कुणी दिला तरी. लीश साधारण बोर्डाएवढ्या लांबीची हवी. ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. बांधण्याआधी पूर्ण दोरीवरून बोट फिरव. कुठे चीर किंवा खाच लागली तर बदलून माग. घोट्याभोवतीच्या चिकटपट्टीत (वेल्क्रोत) वाळू अडकली असेल तर धुऊन घे, वाळूने तिची पकड जाते. बोर्डाच्या मागच्या टोकाला लीश जिथे बारीक दोरीने बांधलेली असते, ती गाठही ओढून बघ.

पाण्यात चालताना एकच नियम: बोर्ड तुझ्या आणि लाटेच्या मधे कधीही येता कामा नये. तो आडवा धरलास तर लाट त्याला उचलून तुझ्या तोंडावर किंवा बरगड्यांवर आदळेल. बोर्ड अंगाच्या बाजूला, पुढचं टोक लाटेकडे, तू शेजारी. लीश हाताला किंवा बोटांना गुंडाळू नकोस, लाटेने बोर्ड ओढला तर बोट मोडतं. मोठी लाट आली म्हणून बोर्ड फेकून पाण्याखाली जायचा मोहही आवर. नऊ फुटांचा बोर्ड आणि नऊ फुटांची लीश मिळून मागच्या पाच-सहा मीटरमधल्या कुणाचंही डोकं फोडू शकतात. हेच गणित उलटं लावून दुसऱ्या शिकाऊ माणसाच्या मागे तेवढ्या अंतरात उभी राहू नकोस.

पडणं हाही शिकायचा भाग आहे. तीन फुटांची लाट साधारण चार फूट पाण्यात फुटते, आणि फुटण्याआधी तिच्यापुढचं पाणी आणखी उथळ झालेलं असतं. म्हणून सूर कधीच मारायचा नाही, उभ्याने ताठ पायांवरही उडी टाकायची नाही. तोल गेला की बोर्डाच्या बाजूला किंवा मागे, पाठीवर किंवा कुल्ल्यांवर पसरून पड. लाटेच्या पुढे पडलीस तर बोर्ड अंगावर येतो. पाण्याखाली गेल्याबरोबर दोन्ही हात डोक्याभोवती घे, कोपरं चेहऱ्यासमोर. लीश ताणली गेली की रबरासारखी परत येते आणि तिच्याबरोबर बोर्ड. म्हणून वर येण्याची घाई नको, एक क्षण थांब आणि हात डोक्यावर ठेवूनच वर ये. वर आल्यावर पहिली नजर समुद्राकडे, पुढच्या लाटेसाठी, मग बोर्डाकडे. लाट नीट पकडता आली तर काठापर्यंत उभी राहू नकोस. गुडघाभर पाणी उरायच्या आधी पोटावर झोप आणि बाजूने उतर.

पहिला आठवडा फुटून आलेल्या फेसातच काढ, पाणी कमरेच्या वर जाऊ देऊ नकोस. त्यापलीकडे न फुटलेल्या लाटांसाठी थांबलेले लोक दिसतील. तिथले नियम वेगळे. लाट जिथून फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळचा माणूस ती घेतो, बाकीच्यांनी सोडायची. हे नीट कळेपर्यंत तिकडे जाऊ नकोस.

पाण्यात पाय उचलून न टाकता तळावरून घासत चाल. वाळूत पाकट, म्हणजे काटेरी शेपटीचा चपटा मासा, दडून बसलेली असते, पाय घासला की ती निसटून जाते. पाय तिच्यावर पडला तर शेपटीचा काटा घोट्यात घुसतो. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी लोकांना हे काटे लागलेले आहेत. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. काटा खोल रुतून बसला असेल तर स्वतः उपटू नकोस. काठावर निळसर फुगे पडलेले दिसले, ज्यांना ब्लू बॉटल म्हणतात, तर त्या दिवशी सुट्टी. मेल्यावरही त्यांचे तंतू चावतात. तंतू चिकटले तर चोळू नकोस, समुद्राच्याच पाण्याने धुऊन काढ आणि मग गरम पाण्याचा शेक दे.

लांब बाह्यांचा लायक्रा शर्ट घाल, अंगठी-चेन खोलीवर ठेव, दीड तासात बाहेर ये. दमलेलं अंग उशिरा हलतं आणि ‘शेवटची एक लाट’ म्हणताना पडणं वाढतं.

कुणी बुडताना दिसलं तर हाताशी तरंगणारं काही नसताना पोहत जाऊ नकोस. जीवरक्षकाला बोलाव, ११२ लाव, बोर्ड बुडणाऱ्याकडे ढकल. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नकोस. त्याने उलटी श्वासनलिकेत जाते आणि वेळ फुकट जातो. बुडालेल्याला आधी हवा हवी असते. तोंडाने श्वास दे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, असं मदत येईपर्यंत. हे वाचून जमत नाही, पुण्यात एखाद्या प्रथमोपचार वर्गात पुतळ्यावर हात बसवून घे. आणि तू स्वतः पाणी प्यायलीस आणि नंतर खोकला थांबेना किंवा छाती भरून आली, तर खोलीवर झोपून राहायचं नाही, दवाखाना गाठायचा.

शिक्षक ठरवताना फोनवर एवढं विचार: एका शिक्षकामागे किती जण असतात, तो पाण्यात आमच्याबरोबर उभा राहतो की काठावरून ओरडतो, जीव वाचवण्याचं प्रमाणपत्र आहे का आणि ते चालू आहे का. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेच्या शिक्षक-प्रमाणपत्रासाठी जलसुरक्षेची पात्रता लागतेच, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. पहिल्या दिवशी एकामागे चारांहून जास्त शिकणारे असतील तर माझ्या मते ते जास्त झाले. उत्तरं गोलमोल आली तर आगाऊ पैसे भरू नकोस, दुसऱ्या शाळेला फोन लाव.

सस्नेह,
मावशी