डोकं हलतं, मग समोरचं का हलत नाही?

विचारलंय की चालताना मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ हिसके खातो, मग डोळ्यांना रस्ता स्थिर कसा दिसतो? कानामुळे. हे मला वेळेवर कळलं असतं तर आईला तीन चष्मे करायला लागले नसते.

आईच्या मूत्रपिंडाला संसर्ग झाला होता. दवाखान्यात बरेच दिवस जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालली. ताप गेला, घरी आली. पुढच्याच आठवड्यात बेळगावच्या खडेबाजारात माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "पाट्या नाचायला लागल्यात गं." थांबली की पाट्या जागेवर, पाऊल टाकलं की पुन्हा सुरू. घरी बसून मात्र 'तरुण भारत' बारीक अक्षरांसकट वाचायची. दादाने ठरवून टाकलं, नंबर वाढलाय. नंबर वाढलेलं माणूस बसल्यावर तरी एवढं बारीक कसं वाचेल? तिसऱ्या चष्म्यानंतर म्हणाला, "वय झालं की असंच होतं, तू उगाच लाड करतेस."

शेवटी कानाच्या डॉक्टरांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "मावशी, माझ्या नाकाकडे बघत राहा," म्हणाले आणि डोकं झटकन जरासं वळवलं. नजर नाकावरच राहायला हवी होती. आईची नजर डोक्याबरोबर वाहत गेली आणि मग उडी मारून नाकावर परत आली. दुसऱ्या बाजूलाही तेच. मी शेजारी उभी राहून बघितलंय.

प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो, रोमपेशींचे, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या पेशींचे, बारीक केस वाकतात, आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे तेवढेच उलट फिरतात. पेपर स्थिर धरून 'नाही नाही' करत मान भराभर हलवा, वाचता येतं. आता मान स्थिर ठेवून पेपर तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं फिसकटतात, कारण इथे कानाची मदत नाही. आधी बघून मग डोळा हलवायला साधारण दहापट वेळ लागतो. जेंटामायसिनने त्या रोमपेशी मरू शकतात, आणि गेलेल्या परत येत नाहीत. ऐकू नीट येत असतं, म्हणून कानावर कुणाचा संशयच जात नाही.

नजर आपणहून इकडून तिकडे उडी मारते, ते प्रकरण वेगळं. त्या क्षणापुरतं मेंदू दिसणंच दाबून टाकतो. आरशात स्वतःच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नजर न्या, डोळे हललेले दिसणार नाहीत.

जेंटामायसिन घेऊच नका असं मी म्हणत नाही, आईचा संसर्ग त्यानेच गेला. पण इंजेक्शनं लांबणार असतील किंवा मूत्रपिंड अशक्त असेल, तर तोल आणि नजरेबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. आणि चक्कर येण्याची इतर कारणं ढीगभर आहेत, तपासून घ्या.

आई अजून रोज व्यायाम म्हणून भिंतीवरच्या 'अ'वर नजर रोखून मान डावी-उजवी करते. दिवसा एकटी बाजारात जाते, अंधार पडला की हात धरते. दादाने आजवर तिला "माझं चुकलं" म्हटलेलं नाही. म्हणायला हवं.