'आय रिमेंबर क्लिफर्ड': शोकगीत म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: जॅझ ऐकवण्याच्या एका छोट्या कार्यक्रमाचं निवेदन मराठीत लिहायचंय. त्यात सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सनची 'आय रिमेंबर क्लिफर्ड' ही रचना आहे. तिला शोकगीत म्हणावं, विलापिका की श्रद्धांजली? आणि 'जॅझ स्टँडर्ड'ला, म्हणजे जॅझवादक पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेल्या अशा रचनेला, मराठी शब्द कोणता?

शोकगीत तर नकोच. गीत म्हटलं की शब्द आले, आणि ही मुळात वाद्यांसाठी केलेली रचना. गायक-गीतकार जॉन हेंड्रिक्सने तिच्यावर शब्द बसवले ते मागाहून.

विलापिका हा शब्द समीक्षेत रुळलेला आहे, पण त्यातला 'विलाप' विसरून चालत नाही. गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला'ला तो शोभतो. मूल गेलंय हे मानायलाच तयार नसलेली आई तिथे बोलते आहे. गोल्सनच्या रचनेत असा आकांत नाही. ली मॉर्गनने १९५७ साली वाजवलेली आवृत्ती ऐका. वाजवणारा पोरगा अठरा वर्षांचा, लय संथ, ट्रम्पेटचा सूर भरीव, आणि सोबतच्या सॅक्सोफोनवादकांत खुद्द गोल्सन. ऐकताना गळा दाटून येतो, पण याला विलाप म्हणवत नाही.

प्रसंग थोडक्यात सांगायला हवा, कारण शब्दाची निवड त्यावर ठरते. क्लिफर्ड ब्राउन हा ट्रम्पेटवादक जून १९५६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या महामार्गावर पावसाळी रात्री मोटार अपघातात गेला. वय २५. गाडीत पियानोवादक रिची पॉवेल आणि त्याची पत्नी नॅन्सी होती. तीही दोघं गेली. गोल्सन तेव्हा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये होता. हार्लेमच्या अपोलो थिएटरात कार्यक्रम चालू असताना त्याला ही बातमी कळली. १९५३ मध्ये टॅड डॅमरनच्या बँडमध्ये दोघं एकत्र वाजवत असत, वयात दोनेक वर्षांचंच अंतर. म्हणजे रचना एका सवंगड्याने सवंगड्यासाठी केलेली आहे.

म्हणून निवेदनात नाव मराठीत फोडून सांगणार असाल, तर 'मला क्लिफर्ड आठवतो' असं एकेरीच ठेवा. 'क्लिफर्ड आठवतात' म्हटलं की शोकसभेतले अध्यक्ष बोलायला उभे राहिलेत असं वाटतं. आणि कृपा करून 'मी क्लिफर्डला आठवतो' लिहू नका. इंग्रजीत आठवण काढणारा कर्ता असतो, मराठीत मात्र ज्याची आठवण येते तो कर्ता आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं: मला तो आठवतो, मला ती आठवते. 'मी क्लिफर्डला आठवतो' याचा सरळ अर्थ क्लिफर्डला माझी आठवण येते असा होतो. गेलेल्या माणसाच्या बाबतीत हा घोटाळा जरा जास्तच झाला.

आता श्रद्धांजली. भावना बरोबर आहे, पण श्रद्धांजली ही वाहायची गोष्ट. 'ही रचना म्हणजे श्रद्धांजली' असं वर्तमानपत्री मराठीत चालतं खरं. मी 'श्रद्धांजली म्हणून केलेली रचना' म्हणेन. 'श्रद्धांजली दिली' ही मात्र हिंदीची उसनवारी, मराठीत ती वाहतात किंवा अर्पण करतात. 'स्वरांजली' हे नाव आपण बहुधा अख्ख्या कार्यक्रमाला देतो, एका रचनेला नाही.

माझं मत 'स्मरणार्थ'च्या बाजूने. या शब्दामागे नेहमी एखादी ठोस वस्तू असते: बाक, पाणपोई, करंडक, शिष्यवृत्ती. कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि ते इतरांच्या उपयोगी पडतं. ही रचनाही तशीच कित्येक ट्रम्पेटवादकांच्या उपयोगी पडली. डोनाल्ड बर्डने वाजवली, गिलेस्पीनेही वाजवली. सगळ्याच स्मरणार्थ रचनांच्या नावात आठवण असा शब्द असतो असं नाही. पियानोवादक जॉन लुईसने गिटारवादक जँगो राइनहार्टसाठी केलेल्या रचनेचं नाव नुसतं 'जँगो'. बासवादक चार्ल्स मिंगसने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी केली तिच्या नावात माणूसच नाही, त्याची टोपी आहे: 'गुडबाय पोर्क पाय हॅट'.

'स्टँडर्ड'साठी 'प्रमाण रचना' नको, ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. आपल्याकडे 'बंदिश' किंवा गवयांच्या बोलीतली 'चीज' जवळची आहे: सगळ्यांना ठाऊक असलेली, पिढ्यांनी वापरलेली, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने खुलवायची. पण बंदिशीमागे राग असतो, तर स्टँडर्डमागे ठरलेल्या कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, क्रम. वादक त्या क्रमाच्या फेऱ्यांवर आपलं रचत जातो. म्हणून 'स्टँडर्ड'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून सांगा.

'स्मरणार्थ' फार साधा वाटला आणि 'स्मृतिप्रीत्यर्थ' लिहावंसं वाटलं, तर पत्रिका छापायला देण्याआधी मुद्रितं तपासा. 'ति' ऱ्हस्व, 'प्री' दीर्घ. अर्ध्याअधिक कोनशिलांवर नेमकं उलटं कोरलेलं असतं.