रस्ता ‘बजेटमध्ये घेतला’ म्हणजे नेमकं काय झालं?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटंजी तालुक्यातलं गाव, फाट्यापासून पावणेचार किलोमीटर. मार्चमध्ये आमदारसाहेबांनी ‘रस्ता बजेटमध्ये घेतला’ म्हणून सांगितलं, फलक लागला, फटाके फुटले. दुसरा पावसाळा सरला तरी गिट्टीची एक ट्रॉली पडली नाही. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या फरशीवरून, पाणी गेलं की एसटी फाट्यावरूनच परत जाते. मग हे ठरवतं तरी कोण?

मी बांधकाम खात्याच्या उपविभागात अठ्ठावीस वर्षं काढली. याद्या टाइप केल्या, दुरुस्त केल्या, शिव्याही खाल्ल्या. आमदार तुमच्याशी खोटं बोलले नसतील. ‘घेतला’ आणि ‘पैसा दिला’ यांत फरक आहे, एवढंच.

आधी रस्ता कोणाचा ते पाहा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. (ही उतरंड 1943 साली देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी नागपुरातच बसून ठरवली, तिला ‘नागपूर प्लॅन’च म्हणतात. आणि रस्त्यासाठी रडतो कोण, तर आपण विदर्भवालेच.) तुमचा ग्रामीण मार्ग असेल तर पैसा येण्याच्या वाटा मोजक्या: पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती, ग्रामविकास खात्याचं ‘पंचवीस-पंधरा’ (2515 क्रमांकाचं खर्चाचं खातं), मुख्यमंत्री ग्रामसडक योजना, नाहीतर आमदार निधी. आमदार निधी वर्षाला 5 कोटी. आपल्या काळ्या जमिनीत खाली नीट मुरूम भरून डांबरी रस्ता करायचा तर किलोमीटरला पाऊण कोटी धरून चाला. म्हणजे एकट्या तुमच्या रस्त्यात अर्ध्याहून जास्त निधी संपला, आणि मतदारसंघात गावं शे-दीडशे. म्हणून हुशार आमदार निधीला हात लावत नाही, तो दर्जोन्नतीच्या मागे लागतो. ग्रामीण मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग करून घ्यायचा. एकदा नंबर बदलला की रस्ता जिल्हा परिषदेच्या रिकाम्या खिशातून निघून बांधकाम खात्याच्या यादीत जातो. सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात कामाचं पाऊल हेच.

आता ती यादी. लोकांना वाटतं, विधानसभेत एकेका रस्त्यावर चर्चा होऊन मतदान होतं. तसं काही होत नाही. खरा खेळ हिवाळ्यात, आमच्यासारख्यांच्या टेबलावर. आमदारांचं पत्र येतं, शाखा अभियंता अंदाज काढतो, तिथून ते विभाग, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता करत मंत्रालयात पोचतं. तिथे कोणाचं किती टिकतं हे पत्र कोणत्या पक्षाच्या आमदाराचं, त्यावर मंत्र्याचा शेरा काय, यावर बरंचसं अवलंबून. मार्चमध्ये ही कामं छापील पुस्तकात येतात, खात्यात त्याला ‘व्हाइट बुक’ म्हणतात. सभागृहात खात्याची अख्खी मागणी एकगठ्ठा येते. विरोधक कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करा, असा प्रस्ताव) देतात, आपापल्या तालुक्याचे खड्डे मांडतात, मागणी मंजूर होते, मग तिजोरीतून पैसा काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक. तुमच्या रस्त्याचं नाव कोणी उच्चारतही नाही.

त्या पुस्तकातलं पान मात्र नीट वाचावं. कामाच्या नावासमोर अंदाजित किंमत असते आणि तिच्या पुढच्या रकान्यात यंदाची तरतूद. माझ्या हाताखालून गेलेलं एक काम आठवतं: किंमत तीन कोटी, तरतूद दहा लाख. आमदारांनी पहिला रकाना वाचून दाखवला, गावाने हार घातले. कारण साधं आहे. तिजोरीत आहे त्याच्या कितीतरी पट कामं यादीत घ्यावी लागतात, कारण प्रत्येक आमदाराला नाव हवं असतं. मग सगळ्यांना थोडं थोडं. कंत्राटदारही मूर्ख नाही; आधीची बिलं अडकलेली असताना तो नवं काम कासवाच्या चालीनेच करणार. थकलेल्या बिलांसाठी राज्यभर त्यांची आंदोलनं झाली, ती उगीच नाही.

उरलेलं मग पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मधे मागितलेल्या जादा पैशात. डिसेंबर 2024 च्या नागपूर अधिवेशनात अशा 35 हजार कोटींहून जास्तीच्या मागण्या आल्या, अधिवेशन चाललं सहा दिवस. त्यात एखाद्या फाट्यावर कोण किती बोलणार? वर सरकार बदललं की आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कामांना स्थगितीची भीती, 2022 मध्ये पाहिलंच आपण.

कोणी म्हणेल, ‘समृद्धी महामार्गाला पैसा आहे अन् आपल्याला नाही’. तो 701 किलोमीटरचा रस्ता रस्ते विकास महामंडळाने कर्ज उभारून केला, टोलमधून वसुली. ती थैली वेगळी. तुमच्या रस्त्यावर टोल कोण देईल, बैलगाडीवाला? विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट, हा मुद्दा मात्र मला पटतो. दांडेकर समितीने 1984 मध्ये तो जिल्हावार मोजून दाखवला, 1994 मध्ये त्यावर लक्ष ठेवायला वैधानिक विकास मंडळं आली, एप्रिल 2020 मध्ये त्यांची मुदत संपली. तेव्हापासून ‘आमच्या वाट्याचं कुठे गेलं’ हे विचारायला ती चौकटही राहिली नाही.

तुम्ही इतकंच करा. उपविभागात जाऊन शाखा अभियंत्याला रस्त्याचा नंबर, लेखाशीर्ष (पैसा कोणत्या खात्यातून येतो त्याचा क्रमांक), प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि यंदाची तरतूद विचारा. टाळाटाळ केली तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. हाती कागद घेऊन आमदारांकडे जाल तेव्हा ‘रस्ता करा’ म्हणू नका, ‘पुरवणीत तरतूद वाढवा’ म्हणा. त्यांनाही बरं वाटतं, नेमकं पत्र लिहिता येतं.

आणि कामाच्या नावात लहान पूल धरलाय का, हे आधी बघा. नुसतं ‘रस्त्याची सुधारणा करणे’ असेल तर डांबर रपट्याच्या अलीकडे थांबतं आणि पलीकडून सुरू होतं. उमरेडकडे असताना मी स्वतः तसा रस्ता मोजून घेतलाय. दोन्ही बाजूंना चकाचक डांबर, मधे गुडघाभर पाणी, आणि एसटी फाट्यावरच.